धोंड्याच्या महिन्यातले इंडिकेटर

माझ्या सासऱ्यांनी गाडी चालवताना कधी चुकीचा इशारा दिला नाही. चूक मी केली, मीच ती लपवली आणि तिची शिक्षा उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत त्यांना भोगू दिली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुठे मी स्वतःची बाजू घ्यायला लागलो तर वाचणाऱ्याने मला तिथंच अडवावं.

सासरे केदारखेड्याचे. आयुष्यभर त्यांनी लाल बस चालवली. निवृत्त झाल्यावर एक जुनी पांढरी गाडी घेतली आणि तीही बससारखीच चालवायला लागले. पाठ ताठ, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि सगळे बसले तरी गाडी जागची हलायची नाही. मग सासूबाई मागच्या सीटवरून दारावर दोनदा टकटक करायच्या आणि म्हणायच्या, "झाली डबल बेल. चला आता." तेव्हा कुठे गिअर पडायचा. गावात त्यांना सगळे 'डायव्हरसाब' म्हणत, घरातली लेकरं अण्णा. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना मामा आणि सासूबाईंना मामी म्हणायचो, आणि मामा मला पाव्हणं.

त्या गाडीत एकच खोट होती. तिचे इंडिकेटर उन्हात दिसत नसत. नारंगी काचा विटून फिकट झालेल्या, आतले बल्ब पिवळे नि अशक्त. म्हणून मामा इंडिकेटर द्यायचे आणि शिवाय हातही बाहेर काढायचे. चांगला कोपरापर्यंत, पंजा उघडा. "दिवा जातो-येतो पाव्हणं, हात जागेवर राहतो," असं त्यांचं म्हणणं.

आमच्या भागात इंडिकेटर कसा वाचायचा हेही सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला तर तो वळणार असतो, किंवा 'ये, निघ पुढं' म्हणत असतो. यातलं कोणतं ते त्याच्या तोंडाकडे पाहून ठरवायचं, आणि तोंड तर पलीकडे असतं. काळी-पिवळी जीपचा इंडिकेटर म्हणजे मागच्या पायरीवर लटकलेल्या माणसाचा हलणारा हात. पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे. चारही दिवे एकदम लुकलुकले की अर्थ एकच: मी सरळ चाललो, तुला जायचं तर जा. पुस्तकात असं कुठं लिहिलेलं नाही, पण भोकरदनपासून जालन्यापर्यंत कुणालाही विचारा.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. त्यातल्या एका साली अधिक महिना ज्येष्ठात आला होता. अधिक म्हणजे आमचा धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाचा महिना. लेक आणि जावई लक्ष्मी-नारायण समजून घरी आणायचे, पुरणाचे धोंडे नि अनारसे खाऊ घालायचे, कपडे करायचे. मामांनी मला पाटावर बसवून, ताम्हणात माझे पाय ठेवून, स्वतःच्या हाताने धुतले. मी जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत कारकून होतो. ऑफिसात साहेब मला पंख्याखालची खुर्चीसुद्धा देत नव्हता. इथे मी उठून पाण्याचा तांब्या घ्यायला गेलो तर तीन माणसं धावायची. असं चार वेळा झालं की माणसाला आपण खरोखरच नारायण असल्यासारखं वाटायला लागतं, आणि नारायणाला काही तरी करून दाखवायची खुमखुमी येते.

मी रिकाम्या हाताने गेलो नव्हतो. मामांच्या इंडिकेटरची तक्रार मला माहीत होती. जालन्यात गाड्या सजवायच्या दुकानात तेव्हा नुकतेच एलईडी बल्ब यायला लागले होते. दुकानदार म्हणाला, "भर दुपारी दिसतील साहेब, मे महिन्यात." मी चार घेतले. त्याने एक छोटी डबीही सोबत दिली. तिला फ्लॅशर म्हणतात, तीच इंडिकेटरला लुकलुकवते. नवे बल्ब फार थोडी वीज खातात म्हणून जुनी डबी त्यांच्यावर चालत नाही, एवढं त्याने सांगितलं. मीही लहानपणी घरातला रेडिओ उघडून परत बंद केलेला माणूस. मान डोलावली आणि आलो.

जेवण झालं, घर आडवं झालं. मी सासूबाईंच्या शिलाई मशीनच्या खणातला स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि गाडीपाशी गेलो. गाडी गोठ्याच्या भिंतीला खेटून लावलेली असायची, त्या बाजूला सावली होती. काचांचे स्क्रू गंजलेले. खोबरेल तेल सोडून ते सैल करत होतो, तेवढ्यात सासूबाईंना जाग आली.

"अगं बया! जावई गाडीखाली घातला म्हणतील लोकं! अहो, उठा!"

"खाली नाही मामी, बाजूला बसलोय."

"मातीत बसले ना पण! अधिकात!"

मी ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनी आतून सतरंजी आणली, वर लोड ठेवला, आणि लिंबाच्या सरबताचा पेला बंपरवर ठेवून गेल्या. लोडाला टेकून गाडीचे बल्ब बदलणारा त्या तालुक्यातला मी पहिलाच मिस्त्री असेन.

काम सोपं होतं. जुना बल्ब दाबून जरा फिरवायचा, तो हातात येतो. नवा तसाच दाबून फिरवायचा. डबी डॅशबोर्डच्या खाली, हाताला लागेल अशी. मग तपासणी. आत बसून डावा इंडिकेटर लावला, खाली उतरलो, भिंत आणि गाडी यांच्या फटीत आडवा शिरलो. पुढचा डावा चालू, मागचा डावा चालू. बाहेर आलो, उजवा लावला. पुढचा उजवा चालू, मागचा उजवा चालू. काय लखलखाट होता! झालं, काम फत्ते. जे लागायला हवं ते लागतंय का एवढं मी पाहिलं. जे लागायला नको ते लागत तर नाही ना, हे बघायचं मला सुचलंच नाही. कंपनीत बियाण्याच्या पिशव्या मोजतानाही मी अशीच चूक करायचो, पण तिथं कुणी तरी मागून पुन्हा मोजायचं.

संध्याकाळी उन्हं होती तोवर सगळ्यांना बोलावलं. डाव्या बाजूला भिंत, म्हणून सगळे उजवीकडे उभे राहिले: मामा, मामी, माझी बायको आणि मेव्हणा. मी उजवा लावला.

"आई शप्पथ! दाजी, वरातीत चालंल ही गाडी," मेव्हणा म्हणाला.

मामा वाकून बघत होते. "दिसतंय. बराबर दिसतंय." मग कान देऊन म्हणाले, "पण आवाज बदलला. आधी ठक-ठक वाजायचं."

"नवी डबी आहे मामा. आणि आता हात बाहेर काढायची गरज नाही. एवढा उजेड आहे. उगाच ट्रकवाल्याने उडवला तर?"

मामांनी स्वतःच्या हाताकडे एकदा पाहिलं. आतून सासूबाई म्हणाल्या, "जावई सांगून राह्यले तर ऐका की एखादं."

"बरं," मामा म्हणाले. "तुम्ही म्हणता तर न्हाई काढत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही राजूरच्या गणपतीला गेलो. येताना मी मानाच्या जागी, म्हणजे मामांच्या शेजारी. मागे मामी आणि बायको, मध्ये पेढ्यांचा पुडा. गावाच्या फाट्यावर चहाचं हॉटेल आहे, त्याच्या जरा पुढे उजवीकडे घराचा रस्ता वळतो. मामांनी बऱ्याच आधी, लिंबाच्या झाडापासूनच उजवा इंडिकेटर दिला. डॅशबोर्डवरचा एकुलता हिरवा दिवा लुकलुकायला लागला. मग त्यांचा उजवा हात सवयीने खिडकीकडे गेला, काचेच्या कडेला लागला, थांबला आणि स्टिअरिंगवर परत आला. हे मी पाहिलं. मला बरं वाटलं, की आपलं ऐकतात.

मामांनी गाडी वळवली आणि उजव्या अंगाला धाडकन आवाज झाला.

मोटारसायकलवाला दूधवाला होता. भोकरदनचा, रोज याच रस्त्याने दूध गोळा करणारा, चांगला दोन लेकरांचा बाप. दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेले. एक कॅन गडगडत नालीत गेला, दुसऱ्याचं झाकण उडालं आणि डांबरावर दूधच दूध. हॉटेलमागची कुत्री आमच्या आधी पोचली. दूधवाला उठला, त्याने आधी कॅन पाहिले, मग स्वतःचा कोपर. कोपर सोलला होता, मनगट सुजायला लागलं होतं.

"काका, सरळ चाललते ना तुम्ही? मंग मधीच उजवीकडं कशाला मारली?"

"सरळ? म्या उजवा दिला व्हता!"

"कशाचा उजवा! चारों के चारों चालू व्हते, अल्ला कसम. म्या म्हटलं, डायव्हरसाब सरळ चालले, काढून घेऊ बाजूनं."

"अरं, झाडापासून देऊन राह्यलो उजवा!"

"हॉटेलवाल्याला इचारा ना!"

हॉटेलवाला हातातली किटली घेऊनच आला होता. त्याला मामांविरुद्ध बोलायचं जड गेलं, पण बोलला. "डायव्हरसाब, चारी लुकलुक करत व्हते. म्या बी बघितलं."

आधीच्या मालकाने चारही दिवे एकदम लावायचं एक बटण स्टिअरिंगखाली बसवून घेतलं होतं. मामांनी वाकून ते बघितलं. बंद होतं. तोवर घराकडून मेव्हणा पळत आला. त्यानेही बघितलं आणि हळूच म्हणाला, "हात लागला असंल, अण्णा. परत लागून बंद झाला असंल."

"न्हाई लागला."

"असू द्या, असू द्या," मेव्हणा म्हणाला. ज्या सुरात लहान पोराला म्हणतात, त्या सुरात.

दूधवाल्याला घरी नेलं. मामी हळद घेऊन बसल्या. गाडी अंगणात लावायचं काम मी अंगावर घेतलं. रस्त्यावरून आत वळताना मी उजवा इंडिकेटर दिला आणि गोठ्याच्या भिंतीला नेऊन गाडी उभी केली. भिंतीला नुकताच चुना दिला होता. ती डाव्या बाजूची पांढरी भिंत लुकलुकत होती.

मी इंडिकेटर बंद केला. भिंत पांढरी झाली. लावला. भिंत नारंगी.

ओसरीवर दूधवाल्याचं मनगट मामींच्या हातात होतं, मामा खांबाला टेकून उभे होते, सगळे मिळून पंधरा पावलांवर. एक वाक्य पुरलं असतं. अहो, इकडे या, हे बघा. पण आदल्या दिवशी याच घराने माझे पाय धुतलेले. आणि खरं सांगायचं तर कुणी मला विचारलंच नाही. अधिकात जावयाच्या हातून चूक होऊ शकते हे त्या घरात कुणाच्या मनातही येत नव्हतं. नारायणाला कोण विचारणार, की बाबा, तू तार नीट जोडली का?

दुपारी सगळे डोळे मिटून पडले तेव्हा मी परत सतरंजीवर बसलो. चारही नवे बल्ब काढले, जुने पिवळे बसवले. डबी नवीच राहू दिली, ती जुन्या बल्बांवरही चालते. सासूबाईंनी झोपेतून विचारलं, "काय करून राह्यले?" म्हटलं, "जरा गाडी बघतो, काही तुटलं का." त्या म्हणाल्या, "देवमाणूस हाय." हे त्या दाराआडून लेकीला म्हणाल्या, पण मला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी मेव्हण्याने स्वतः इंडिकेटर तपासले. त्याने मात्र फिरून चारही बाजूंनी पाहिलं. डावा दिला की डावा, उजवा दिला की उजवा. "अण्णा, इंडिकेटर तर एकदम बराबर हायेत," तो म्हणाला. बोलताना त्याने मामांकडे बघितलं नाही. गाडीची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. "मी हाय ना. कुठं जायचं तर मला सांगत जा."

एवढी वर्षं माणसांनी भरलेली बस चालवून ज्याने कुणाला खरचटू दिलं नाही, त्या माणसाने मान हलवली.

आम्ही जालन्याला परत आलो. माझ्या बॅगेत नवा सदरा-पँट, अनारशांचा डबा, आणि डब्याच्या खाली, रुमालात गुंडाळलेले चार एलईडी बल्ब.

कारण शोधायला मला फार वेळ लागला नाही, आणि ते इतकं साधं निघालं की मला स्वतःचा राग आला. त्या गाडीच्या डॅशबोर्डवर इंडिकेटरचा एकच हिरवा दिवा होता, दोन्ही बाजूंसाठी मिळून. तो डावीकडच्या आणि उजवीकडच्या तारांच्या मधोमध जोडलेला असतो. उजवा इंडिकेटर लावला की त्या दिव्यातून थोडीशी वीज डाव्या बाजूला पाझरते. जुन्या बल्बांना ती पुरायची नाही, ते ढिम्म राहायचे. एलईडीला तेवढी रग्गड झाली. बांधातून पाझरलेल्या पाण्यावर शेजाऱ्याचा ऊस येत नाही, पण कोथिंबीर उगवते. तसं झालं.

हे कळल्यावर तरी फोन उचलायचा. नाही उचलला. उलट मनात म्हटलं, बरंच झालं, त्यांचं वय झालंय, एखादे दिवशी गाडी थांबायचीच होती. अडवा मला इथे.

दिवाळीत भाऊबीजेला आम्ही केदारखेड्याला गेलो. गाडी त्याच भिंतीपाशी, ताडपत्रीखाली. ताडपत्रीच्या खोळीत एक कोंबडी अंड्यावर बसलेली. मामा मला बघून हसले, पण मध्येच उठून आत गेले. आतून आवाज आला, "पाण्याची मोटार बंद केली. नळ बंद केला." परत येऊन बसले. मग पुन्हा उठले. "म्या मोटार बंद केली ना गं?"

"केली," मामी म्हणाल्या.

"बघितलं तू?"

"बघितलं हो. दोनदा बघितलं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "उन्हाळ्यापासून असंच चाललंय. आधी हसत व्हते मी. आता न्हाई हसत."

थोड्या वेळाने मामा माझ्याजवळ सरकले. "पाव्हणं, तुम्ही शिकलेले. एक इचारू? आपण एखादी गोष्ट केली, बराबर ध्यानात हाय आपल्या, हाताला सुद्धा ध्यानात हाय. आणि तरी ती केलेलीच नसते. असं व्हतं का माणसाचं?"

मी म्हणालो, "नाही, म्हणजे... होतंही कधी कधी." हे माझं उत्तर. समोरच भिंत होती.

रात्रीच्या जेवणाला मेव्हण्याने सांगितलं की गाडीला गिऱ्हाईक आलंय, धावड्याचं, परवा घेऊन जातो म्हणतोय. मामा म्हणाले, "जाऊ दे. तिला बी कोणी चालवणारा पाहिजे." आणि ताटातली चकली मोडत राहिले, खाल्ली नाही.

हात धुवायला गेल्यावर मोरीपाशी मी बायकोला गाठलं आणि सगळं सांगितलं. मग तिने तीनच प्रश्न विचारले.

"भिंत लुकलुकताना बघितली तुम्ही?"

"हो."

"त्याच दिवशी? अण्णा तिथं उभे असताना?"

"हो."

"मंग हे मला कशाला सांगताय?" आणि भांडी उचलून आत गेली.

सकाळी मामा अंगणात बशीने चहा पीत होते. उन्हाळ्यापासून बॅगेच्या तळाशीच पडलेला बल्बांचा रुमाल मी आणला, त्यांच्यासमोर उघडला आणि उभ्याउभ्या सांगायला लागलो. बल्ब, भिंत, दुपार, सतरंजी. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. त्यांची बशी हातातच राहिली.

"चारी लागायचे?" त्यांनी विचारलं.

"चारही."

"म्हंजे त्या दूधवाल्यानं बराबर बघितलं."

"हो."

"आणि म्या बराबर दिला व्हता."

"हो मामा. तुम्ही उजवाच दिला होता."

बशी त्यांनी खाली ठेवली. भिंतीकडे बघितलं. मग विचारलं, "आता अधिक चालू हाय का?"

"नाही. कधीच संपला."

"मंग बोलता येतं तुम्हाला." आणि ते बोलले. सगळं इथं लिहीत नाही. डेपोत ड्रायव्हर लोक ज्या भाषेत एकमेकांशी बोलतात ती मी तोवर ऐकली नव्हती. शेवटी म्हणाले, "असा कंडक्टर माझ्या गाडीवर असता तर सामानासगट आडरानात उतरून दिला असता! येड्यात काढलं मला माझ्याच घरात. नळाशी दहा येळा जाऊन राह्यलो म्या!" एवढं बोलून त्यांना धाप लागली. मामी दारात पदर धरून उभ्या, जावयाला शिव्या बसतायत आणि त्या अडवत नाहीत.

मी म्हणालो, "मामा, मला माफ—"

"हितं नगं," त्यांनी हात वर केला. "घरातल्या घरात काय माफी मागता? नाव कुठं गेलं माझं? फाट्यावर गेलं. तिथं सांगा. दूधवाला येतो आता."

मेव्हण्याकडे त्यांनी नुसता हात पुढे केला. मेव्हण्याने खिशातून किल्ली काढून दिली. ताडपत्री निघाली, कोंबडी ओरडत पळाली. बॅटरी उतरलेली. मग मी आणि मेव्हणा गाडी ढकलत फाट्यापर्यंत, मामा स्टिअरिंगवर, पाठ ताठ. वाटेत गाडी चालू झाली तरी त्यांनी आम्हाला आत घेतलं नाही.

हॉटेलसमोर मी धुळीत गुडघ्यावर बसलो आणि ते चार बल्ब पुन्हा बसवले. या वेळी सतरंजी नव्हती. बाकड्यावरची माणसं गोळा झाली. "काय करून राह्यले जावई?" "काय की बा, धोंडे पचले न्हाईत वाटतं." तेवढ्यात दूधवाला आला. मामांनी त्याला हात केला. तो जरा बिचकतच थांबला.

"गाडीच्या मागं उभा राहा," मामा म्हणाले. "आणि काय दिसतं ते वरडून सांग."

त्यांनी आत बसून उजवा इंडिकेटर दिला. मेव्हणा खिडकीतून वाकून त्यांचे हात बघत होता, खालचं बटण बंद असल्याचं बघत होता. बाहेर चारही दिवे भर उन्हात लुकलुकायला लागले.

"हेच!" दूधवाला मोटारसायकलवरून जवळजवळ पडलाच. "हेच, हेच! चारों के चारों! म्या काय बोललतो? झूट बोललतो का म्या?"

"पण म्या उजवाच दिला हाय," मामा आतून ओरडले. "ये, बघ हितं!"

तो धावत पुढे गेला, आत बघितलं, मागे आला, परत पुढे गेला. हॉटेलवाला किटली घेऊन त्याच्यामागे. मेव्हण्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "अण्णा," एवढंच म्हणाला. मामा त्याच्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

मी बांध आणि पाझराची गोष्ट सांगितली. सगळ्यांना ती लगेच कळली. आता बोलायची पाळी माझी होती. हाताला खोबरेल तेल आणि धूळ लागलेली, ती पँटलाच पुसली. मामा गाडीतून उतरून दाराशी उभे होते. ज्यांनी ताम्हणात माझे पाय धुतले त्यांच्या पायांवर मी त्या रस्त्याच्या कडेला वाकलो, आणि उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"मामा, तुम्ही उजवाच दिला होता. हे भाऊ म्हणतात तेही खरं होतं. तुम्ही दोघंही खरं बोलत होतात, खोटा मी निघालो. बल्ब मी बसवले, नीट न तपासता. हात बाहेर काढू नका असंही मीच म्हणालो. आणि त्याच दिवशी मला चूक कळली होती, तरी मी बल्ब बदलून गप्प बसलो, आणि तुम्हाला तुमच्याच डोक्यावर संशय घ्यायला लावलं. भाऊ, तुमचं मनगट माझ्यामुळे सुजलं. मामा, तुम्ही काहीही विसरला नव्हतात. मला माफ करा."